कमी पावसाच्या गावाला पूर का येतो?

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील चांदवड तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. चांदवडच्या वाट्यास त्याचा पाचवा हिस्साही क्वचितच येतो. कांदा, मका, द्राक्षे व डाळिंब ही पिके घेणारा येथील शेतकरी आकाशाकडे पाहतो तो पाण्याच्या आशेने. टंचाईच्या वर्षी उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. अशा मुलखात पुराची चर्चा करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे.

तथापि ज्या गावाला चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, त्याच गावाच्या बाजारपेठेत भाद्रपदातील एखाद्या सायंकाळी गुडघाभर पाणी शिरते, ओढ्याकाठच्या चाळीतील साठवलेला उन्हाळी कांदा भिजतो आणि रांगड्या कांद्याच्या रोपांचे वाफे धुऊन जातात, ही गोष्ट डोंगरपायथ्याच्या गावांना अपरिचित नाही. दोन तासांनी ओढा उतरतो. आठ दिवसांनी तो कोरडा पडतो. फाल्गुनात विहिरीने तळ गाठला म्हणजे त्या पाण्याची आठवण होते. परंतु तोवर ते गोदावरीच्या खोऱ्यात कोठच्या कोठे निघून गेलेले असते.

पूर आणि टंचाई ही एकाच गावाची दोन निरनिराळी दुखणी नसून दोहोंचे मूळ एकच आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पावसाचे पाणी जमिनीवर थांबण्यास वेळ मिळाला नाही, की ते एकदम खाली येते. खाली त्याची वाट अडलेली असली, की ते घरात व शेतात शिरते. शहरांतील पुरांविषयी गेल्या काही दशकांत झालेल्या अभ्यासाचे सारही बहुतांशी हेच आहे. त्यातील उपयुक्त भाग चांदवडसारख्या गावांना कसा लागू पडतो, याचे विवेचन पुढे केले आहे.

चांदवडची भूमिरचना

सातमाळा डोंगररांग पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेली असून चांदवड तिच्या दक्षिण पायथ्याशी वसले आहे. गावाच्या माथ्यावर चांदवडचा किल्ला असून राजधेर, कोळधेर व इंद्राई हे किल्लेही याच परिसरात आहेत. ही रांग पाण्याचा दुभाजक होय. तिच्या उत्तर अंगावर पडलेले पाणी गिरणेस व पुढे तापीस मिळते. दक्षिण अंगावरचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात उतरते.

या डोंगरांची घडण काळ्या पाषाणाची आहे. वर उभे कडे, त्यांखाली मातीचा पातळ थर असलेले मुरमाड उतार, त्यांखाली मध्यम प्रतीची शेतजमीन आणि सखल भागात काळी जमीन, असा सर्वसाधारण क्रम आढळतो. कड्यावर पडलेल्या पाण्यास मुरण्यास जागाच नसते. मुरमाड उतारावर गवत व झुडपे असतील, तर पाण्याचा वेग मोडतो व ते काही अंशी मुरते; उतार उघडा असेल, तर ते माती घेऊन खाली धावते. काळी जमीन कोरडी असताना तिच्या भेगांतून पुष्कळ पाणी आत जाते. परंतु एकदा ती भिजून फुगली, की भेगा मिटतात व पाणी अतिशय सावकाश मुरते. म्हणूनच ज्येष्ठातील जो पाऊस शेत सहज पिऊन टाकते, तेवढाच पाऊस भाद्रपदात पूर आणू शकतो.

यात माणसाने केलेल्या बदलांची भर पडते. मुंबई-आग्रा महामार्गासारख्या रस्त्याचा भराव पाण्याच्या दृष्टीने एक लांबच लांब बांधच असतो. डोंगराकडील सर्व पाणी त्याखालील मोऱ्यांतूनच पलीकडे जाऊ शकते. गावाची वाढ होते तसतशी शेतजमिनीच्या जागी घरे, सिमेंटचे रस्ते, गुदामे व फरसबंद आवारे येतात. पूर्वी जी जागा पाणी पीत असे, ती आता पाणी टाकू लागते.

पाऊस किती, यापेक्षा किती वेळात

महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास त्यास अतिवृष्टी म्हणण्याचा प्रघात आहे. नुकसानीचे पंचनामे करण्यासाठी हे परिमाण सोयीचे असले, तरी पुराचा अंदाज घेण्यास ते अपुरे पडते. ६५ मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिपत पडला, तर तो बहुतेक मुरतो. तेवढाच पाऊस एका तासात कोसळला, तर तो संहारक ठरतो. या वेगाला पावसाची तीव्रता म्हणतात व ती तासाला इतके मिलिमीटर अशी मोजतात.

पाण्याचे प्रमाण समजण्यास एक साधा हिशेब पुरेसा आहे. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. हे मोठ्या टँकरची एक खेप भरेल इतके पाणी झाले. आता समजा, गावाच्या माथ्यावरील ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे व त्यावर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका तासात पडलेले पाणी पाच हजार टँकर इतके भरते. उन्हाळ्यात दिवसाला दोन टँकर मिळणाऱ्या वस्तीस हे पाणी सुमारे सात वर्षे पुरेल.

हे सारेच पाणी वाहत नाही. किती मुरते व किती वाहते, हे जमिनीच्या आच्छादनावर अवलंबून असते. गवताने झाकलेल्या व चर खोदलेल्या उतारावरून पावसाचा साधारण तीन-दशांश भाग वाहतो असे धरल्यास, उघड्या खडकाळ उतारावरून सहा-दशांश व सिमेंटने झाकलेल्या वस्तीतून नऊ-दशांश भाग वाहतो, असे मानण्यास हरकत नाही. वरील उदाहरणात पहिल्या स्थितीत दीड हजार, दुसऱ्या स्थितीत तीन हजार व तिसऱ्या स्थितीत साडेचार हजार टँकर पाणी खाली येईल. पाऊस तोच, क्षेत्रही तेच. फरक पडला तो जमिनीच्या अंगावरच्या वस्त्राचा.

अलीकडे पावसाचे स्वरूपही बदलत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला व २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९५० ते २०१५ या काळातील नोंदींवरून असे आढळून आले, की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही भाग येतो, विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. त्याच काळात तेथील मोसमी पावसाची एकंदर सरासरी मात्र घटली आहे. कमी दिवसांत अधिक जोराचा पाऊस पडू लागला, की टंचाई व पूर दोन्ही वाढतात. वार्षिक सरासरी कमी आहे म्हणून निर्धास्त राहणे यापुढे परवडणारे नाही.

मोरीचे गणित

ओढ्यातून कमाल किती पाणी येईल, हे काढण्याचे एक साधे सूत्र अभियंते वापरतात. आयर्लंडमधील अभियंता मल्व्हनी याने १८५१ साली त्यामागील कल्पना मांडली व अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या नाल्यांसाठी कुइचलिंग याने १८८९ साली ती उपयोगात आणली. आजही लहान पाणलोट क्षेत्रांसाठी हेच सूत्र प्रचारात आहे. वाहणाऱ्या पाण्याचा अंश, पावसाची तासातील तीव्रता व हेक्टरमधील क्षेत्र या तिन्हींचा गुणाकार करून त्यास ३६० ने भागले, की दर सेकंदास किती घनमीटर पाणी येईल ते कळते.

वरील १०० हेक्टर क्षेत्रास हे सूत्र लावल्यास गवताळ उतारावरून सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर, उघड्या उतारावरून ८.३ घनमीटर व पूर्ण बांधलेल्या वस्तीतून १२.५ घनमीटर पाणी येते. एक मीटर व्यासाच्या सिमेंट पाइपातून पाणी सेकंदास दोन मीटर वेगाने वाहत असेल, तर त्यातून सुमारे १.६ घनमीटर पाणी जाते. म्हणजे पहिल्या स्थितीत तीन पाइपांची मोरी पुरेल. दुसऱ्या स्थितीत सहा पाइप लागतील व तिसऱ्या स्थितीत आठ. मोरी तीन पाइपांचीच राहिली व माथ्यावरील गवत गेले, तर उरलेले पाणी रस्त्यावर चढेल अथवा मागे तुंबून घरात शिरेल. पाइप गाळाने निम्मा भरलेला असेल, तर त्याची क्षमता निम्म्यावर येते. प्लॅस्टिकच्या पिशव्या, कांद्याची पात, मक्याची ताटे व तुटलेल्या फांद्या मोरीच्या तोंडाशी अडकल्या, तर तीही उरत नाही.

या गणितातील दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे पाणी जमण्याचा काळ. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकास पडलेला थेंब मोरीपर्यंत येण्यास लागणारा वेळ, असा याचा अर्थ. मोठ्या नदीच्या बाबतीत हा काळ कित्येक तासांचा, कधी दिवसांचा असतो; त्यामुळे लोकांना सूचना देता येते. डोंगरपायथ्याच्या ओढ्यात तो अर्धा-पाऊण तासाचाच असू शकतो. ओढा सरळ केला, त्याचे काठ सिमेंटचे केले, वळणे काढून टाकली, म्हणजे हा काळ आणखी घटतो. सर्व बाजूंचे पाणी एकाच वेळी मोरीवर येऊन आदळते. याउलट वाटेत चर, बांध, गवत व लहान तलाव असतील, तर निरनिराळ्या भागांचे पाणी निरनिराळ्या वेळी येते व पुराचा माथा खाली बसतो.

शहरांनी घेतलेले अनुभव

मोठ्या शहरांचे अनुभव येथे विचारात घेण्याजोगे आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी दक्षिणेस कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढी तफावत असू शकते. मग तालुक्याच्या ठिकाणच्या एका पर्जन्यमापकावरून साऱ्या तालुक्याचा पाऊस ठरविणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको. मुंबईचे जुने पर्जन्यजल नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेले होते. ते वाढवून ५० मिलिमीटरांचे करावेत, अशी शिफारस १९९३ सालच्या ब्रिमस्टोवॅड अहवालात करण्यात आली होती. परंतु २००५ पर्यंत त्या कामाचा थोडाच भाग झाला होता. मिठी नदीचे पात्र भराव व बांधकामे यांनी आक्रसले होते. पुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने पाणलोट, नाले, भरती व अतिक्रमणे या सर्वांचा एकत्रित विचार करण्यावर भर दिला.

चांदवडला अधिक जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्यास अकस्मात पूर आला. मुळा-मुठेसारख्या नदीचा हा पूर नव्हता. एरवी ज्याच्याकडे कोणी लक्षही देत नाही अशा ओढ्याचा होता. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाणी चढण्यास लागलेला वेळ इतका थोडा होता, की झोपेतून उठून बाहेर पडण्यासही अनेकांना अवसर मिळाला नाही. डोंगराचा उतार, आखूड ओढा, काठावरची वस्ती व अरुंद झालेली वाट, या चारही गोष्टी डोंगरपायथ्याच्या कोणत्याही वाढत्या गावात आढळतात.

नाशिक शहरात गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजण्याची लोकरीत आहे. पाणी गुडघ्यास लागले, कमरेस लागले, छातीस लागले, यावरून पेठेतील दुकानदार आपला माल हलवितात. २००८ व २०१९ च्या पुरांतही लोकांच्या तोंडी हीच खूण होती. गोदावरीसारख्या नदीच्या काठी शासनाकडून पूररेषाही आखल्या जातात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा होय. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला, की पुढे २५ वर्षे भय नाही, असा नव्हे. दर वर्षी तसा पूर येण्याचा संभव शंभरात चार इतका असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. लागोपाठ दोन वर्षेही तो येऊ शकतो. लहान ओढ्यांना अशा रेषा बहुधा आखलेल्या नसतात. म्हणून त्यांची खूण गावानेच ठेवली पाहिजे.

जिरविणे व वाट देणे

पाणी शक्य तितक्या लवकर शहराबाहेर काढून द्यावे, असा अभियंत्यांचा पूर्वी दृष्टिकोन होता. अलीकडे त्यात बदल झाला आहे. पाणी पडेल तेथेच थोपवावे, मुरवावे व उरलेले सावकाश सोडावे, असा विचार रूढ होत आहे. चीनने २०१५ पासून निवडक शहरांत या धर्तीवर कामे हाती घेतली व अशा शहरांना स्पंजाची उपमा दिली. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास यात नवल वाटण्याचे कारण नाही. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, १९४२ साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला व त्यानंतर गावोगावी समपातळी बांध पडले. त्यामागील तत्त्व हेच होते. माती वाचविण्यासाठी जे केले गेले, तेच शहरे आता पुरापासून बचाव व्हावा म्हणून करू लागली आहेत.

मात्र या उपायांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. झेंगझोऊ या चिनी शहरात पाणी मुरविण्याची अशी कामे झालेली होती. तेथे २० जुलै २०२१ रोजी एका तासात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. पाणी मुरविण्याची कामे नित्याच्या जोरदार पावसात फार उपयोगी पडतात. अपवादात्मक पावसात ती भरून जातात. त्या वेळी खालची वाट मोकळी असणे हाच एक आधार उरतो. यास्तव माथ्यावर पाणी जिरविणे व पायथ्याशी त्याला वाट देणे, ही दोन्ही कामे जोडीने व्हावयास हवीत. त्यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

माथ्यावर करावयाची कामे

डोंगरउतारावर सलग समतल चर खोदावेत. चर ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल घेतला आणि हेक्टरी २५० मीटर लांबीचे चर झाले, तर हेक्टरी ४५ घनमीटर पाणी एका वेळी त्यांत मावते. १०० हेक्टरांत हे पाणी ४५० टँकर इतके होते. वरील उदाहरणातील गवताळ उतारावरून दीड हजार टँकर पाणी वाहते असे धरले होते. चर नसते, तर त्यात एवढ्या पाण्याची भर पडली असती. चरात अडलेले पाणी हळूहळू मुरते व पुढील सरीसाठी जागा मोकळी होते. चराची आखणी समपातळीत होणे अत्यावश्यक आहे. आखणी चुकल्यास पाणी एका टोकास जमून तेथे घळ पडते. खोदलेली माती खालच्या अंगास घालून तिच्यावर गवताचे बी पेरावे. वनजमिनीवरील कामे वन विभागाच्या संमतीने व सहकार्याने करावीत. पहिली दोन-तीन वर्षे चराईबंदी पाळली, तर गवत आपोआप वाढते. गावाने ते कापून न्यावे. जनावरे मोकळी सोडू नयेत.

ओहोळांत वरच्या टोकापासून खाली अशा क्रमाने अनघड दगडांचे लहान बांध घालावेत. खालून वर काम केल्यास पहिल्याच पुरात खालचे बांध गाळाने भरतात अथवा वाहून जातात.

पाझर तलाव व माती नालाबांध यांची पावसाळ्यापूर्वी पाहणी करावी. भरावावर उगवलेली बाभळीसारखी झाडे, उंदीर-घुशींची बिळे, भेगा व पायथ्याशी होणारी पाझर या गोष्टी ताबडतोब संबंधित विभागास कळवाव्यात. सांडवा कोणत्याही कारणाने अडवू नये. अधिक पाणी साठावे म्हणून सांड्यावर दगडमाती रचण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ती प्राणघातक आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील धरण फुटून खालच्या वाडीत झालेली प्राणहानी सर्वांच्या स्मरणात असावी.

शेतात करावयाची कामे

पेरणी व मशागत उतारास आडवी करावी. बांधास योग्य जागी दगडी सांड असावी. ती नसेल, तर पाणी बांध फोडून जाते व खालच्या शेतकऱ्याच्या शेतात लोंढा शिरतो. फळबागेतील ओळी उताराच्या दिशेने असल्यास दोन ओळींमधील जागा पाटासारखी वाहते. अशा ठिकाणी मधूनमधून आडवे वरंबे घालावेत व जागा गवताने किंवा हिरवळीच्या पिकाने झाकलेली ठेवावी. प्लॅस्टिक आच्छादन व शेडची छपरे पाणी मुळीच पीत नाहीत, हे लक्षात घेऊन त्यांचे पाणी शोषचरात अथवा विहिरीच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात गाळून सोडावे.

प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याविषयी थोडे स्पष्ट सांगणे जरूर आहे. हे तळे पिकास आधार देते, यात शंका नाही. तथापि विहिरीचे पाणी उपसून ते काठोकाठ भरले असता त्यात पुराचे पाणी मावत नाही व जमिनीतही पाणी मुरत नाही. अशी तळी कितीही झाली, तरी गावाचा पूर त्यांनी कमी होत नाही. त्यासाठी ओढ्याच्या वरच्या भागात बिनअस्तराची, सुरक्षित सांडवा असलेली तळी हवीत.

रोपवाटिका सखल जागी करू नये. कांद्याचे रोप गादीवाफ्यावर टाकून वाफ्यांच्या दोन्ही बाजूंनी निचऱ्याचे चर काढावेत. कांदाचाळ ओढ्यापासून दूर व उंच जागी असावी. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवल्यास हवाही खेळते व पाण्यापासूनही बचाव होतो.

नाल्याचे खोलीकरण करताना निघालेली माती काठावर ढिगाने टाकू नये. पहिल्या पुरातच ती परत पात्रात येते. चांगला गाळ शेतात न्यावा व काठावर गवत लावावे. नाला बुजवून शेत सलग करण्याचा मोह टाळावा. यंत्राने एका दिवसात बुजविलेला नाला दोन-चार वर्षे गप्प राहतो. परंतु जोराचा पाऊस झाला, की पाणी आपली जुनी वाट शोधीत येते आणि त्या वेळी केवळ बुजविणाऱ्याचेच नव्हे, तर शेजाऱ्याचेही पीक घेऊन जाते. अशा प्रकरणी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये शेतकऱ्यास तहसीलदाराकडे दाद मागता येते. नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्यास कोणी बेकायदा अडथळा केला व त्यामुळे शेजारच्या जमिनीचे अथवा पिकाचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर तो अडथळा दूर करण्याचा अधिकार त्यास आहे. मात्र वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. तत्पूर्वी भावबंद व शेजारी यांनी एकत्र बसून शिवार फिरून पाहिले, तर बरेच तंटे बांधावरच मिटतात.

गावात करावयाची कामे

मे महिन्याच्या अखेरीस गावातील व शिवारातील प्रत्येक मोरी दोन्ही तोंडांपासून साफ करावी. काढलेला गाळ काठावर न ठेवता दूर नेऊन टाकावा. आठवडे बाजार उठल्यानंतर उरणारा पाला व पिशव्या नाल्यात जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी. नाल्यावर फरशा टाकून दुकाने थाटल्यास आतील गाळ काढता येत नाही, म्हणून अशी बांधकामे होऊ देऊ नयेत. नवीन वस्तीची आखणी होत असताना गाव नकाशावरील ओढे-नाले जसेच्या तसे राखले आहेत किंवा नाहीत, हे ग्रामपंचायतीने अथवा नगरपरिषदेने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावे. नकाशा जुना झाला असेल, तर गावातील वृद्धांना विचारावे. पाणी कोठून जात असे, हे त्यांना पाठ असते.

शंभर चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास साडेचार हजार लिटर पाणी सहज जमते. शाळा, बाजार समितीची गुदामे, सोसायट्यांची कार्यालये यांच्या मोठ्या छपरांचे पाणी वाळू व खडीच्या गाळणीतून विहिरीत अथवा कूपनलिकेत सोडल्यास रस्त्यावरील लोंढा कमी होतो व भूजलही वाढते. सर्व अंगणे सिमेंटने बंद करू नयेत, शोषखड्डे घ्यावेत. होळकरांच्या काळातील रंगमहालात बारव आहे. वाड्याच्या आवारातच पाण्याची सोय करणारी ही दृष्टी आजच्या बांधकामातही असणे इष्ट होय.

गावाची पूरनोंद

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना थोड्या श्रमात करता येईल असे एक काम म्हणजे गावाची पूरनोंद. महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे उभारलेली असली, तरी डोंगरावरचा पाऊस त्यांना नेहमी सापडतोच असे नाही. सरळ भिंतीचे कोणतेही भांडे उघड्या जागी ठेवून पट्टीने मोजल्यास पाऊस पुरेशा अचूकपणे कळतो. माथ्याकडील वस्तीवर एक व गावात एक, अशा दोन ठिकाणी शाळेतील विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घ्यावे. वहीत पुढील चार गोष्टी लिहाव्यात.

१. पाऊस केव्हा सुरू झाला व दर पाव तासाला किती मिलिमीटर झाला.

२. मोरीपाशी पाणी केव्हा वाढू लागले व कमाल उंची केव्हा झाली.

३. पाणी कोठपर्यंत आले. देवळाची पायरी, शाळेची भिंत अथवा पारावर रंगाने रेघ ओढून तारीख लिहावी.

४. कोणती मोरी तुंबली व कशामुळे तुंबली.

तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी झाल्या, म्हणजे माथ्यावर किती पाऊस झाला असता किती वेळात गावात पाणी येते, हे त्या गावापुरते निश्चित सांगता येईल. माथ्याकडील वस्तीवरून दूरध्वनी आला, की बाजारातील माल उचलण्यास व ओढ्याकाठच्या घरांतील माणसे हलविण्यास अर्धा तास तरी हाती येईल. मोरी मोठी करून मागण्यासाठीही अशी नोंदवही अर्जाबरोबर जोडली, तर तिचे वजन पडते.

पूर आला असता वाहत्या पाण्यातून पायी किंवा वाहनाने फरशी ओलांडू नये. दोन फूट वाहते पाणी मोटारही ढकलून नेते. ओढ्यातील मोटार अथवा पाइप काढण्यासाठी जीव धोक्यात घालू नये. भिजलेल्या विद्युत पेटीस हात लावण्यापूर्वी वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री करावी.

समारोप

एका तासाच्या पावसात पाच हजार टँकर पाणी गावाच्या माथ्यावर येते, हा हिशेब आरंभी दिला आहे. त्यातील एक हजार टँकर जरी डोंगरावर व शिवारात थांबले, तरी तेवढे पाणी बाजारपेठेत येत नाही आणि त्यातील बराच भाग पुढे विहिरींना लागतो. यासाठी फार मोठा खर्च वा नवे यंत्र लागते असे नाही. चर, गवत, सांड, स्वच्छ मोरी व मोकळा नाला, एवढीच त्याची साधने आहेत. ती साधने वेगवेगळ्या माणसांच्या हाती असल्यामुळे माथ्यावरचा गुराखी, मधला शेतकरी व पायथ्याचा दुकानदार यांना एकत्र बसवावे लागते. हे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे होय. पहिली बैठक मोऱ्यांच्या सफाईपूर्वी, म्हणजे उन्हाळ्यातच घ्यावी.